शिरोरेषेपासून खाली मोजा

महाड आणि पोलादपूरच्या, पाट्या करणाऱ्या सभासदांकडून एकाच तक्रारीची पत्रे येऊ लागली, तेव्हा या अंकासाठी ठरवलेला विषय आम्ही बाजूला ठेवला. तक्रार अशी: दुकानाची पाटी मराठीत केली, मराठी ओळ वर घेतली, इंग्रजी खाली घेतली, तरी तपासणीला आलेल्यांनी टेप लावून ‘मराठी अक्षर लहान’ असा शेरा मारला. दुकानदाराने तो शेरा आपल्या सभासदापुढे ठेवला आणि पाटी फुकट बदलून मागितली. एका पाटीवर टेप मात्रेच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत धरली होती, शेजारच्या पाटीवर शिरोरेषेपासून. पहिली पास झाली, दुसरी नापास. दोन्ही पाट्या एकाच फॉन्टमध्ये, एकाच मापात केलेल्या होत्या.

2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानेही मराठी पाटीच्या सक्तीत आली. महाडच्या बाजारपेठेत किंवा पोलादपूरच्या स्टँडसमोर दहा माणसे कामाला असलेली दुकाने किती निघतील? आपले बहुतेक गिऱ्हाईक या एका दुरुस्तीने कायद्याखाली आले. पुढे 25 सप्टेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या व्यापाऱ्यांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली, मुंबईत कामगारामागे 2,000 रुपये असा दंडाचा हिशेब लावला गेला आणि त्याची धास्ती महामार्गाने इकडेही पोचली. सक्तीला आमचा विरोध नाही. ती आधीच यायला हवी होती. रायगडाच्या पायथ्याशी असलेल्या बाजारात मराठी पाटीसाठी कायदा लागावा, याचेच आम्हाला दुःख आहे.

तक्रार आहे ती मोजणीची. मराठी अक्षरे आधी यावीत आणि त्यांचा टंक आकार इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावा, असे दुरुस्तीत म्हटले आहे. टंक आकार म्हणजे आपल्या धंद्यात पॉइंट, आणि पॉइंट हे अक्षराभोवतीच्या चौकोनाचे माप आहे. त्या चौकोनात अक्षर केवढे बसवायचे हे फॉन्ट करणारा ठरवतो. 72 पॉइंटचा मंगल आणि 72 पॉइंटचा एरियल शेजारी ठेवा. पॉइंट सारखे, पण मराठी ओळ डोळ्याला लहान. कायद्याचे शब्द पाळले गेले आणि हेतू पडला. आता उलट बाजू पाहा. तपासणीस संगणकातला पॉइंट पाहायला येत नाही, तो शिडीवर टेप धरतो. टेपवर पॉइंट नसतात, इंच असतात. कुठून कुठपर्यंतचे इंच, हे आम्ही वाचलेल्या एकाही आदेशात लिहिलेले नाही.

रोमन मोठ्या अक्षरांत हा प्रश्न येत नाही. तळरेषा खाली, माथा वर, मधली उंची सगळ्यांची एक. देवनागरीत ‘महाड’ लिहा: शिरोरेषेच्या वर काही नाही, तळाखाली काही नाही. पट्टीत 12 इंच उंची मिळाली तर अक्षराला जवळजवळ 12 इंच देता येतात. त्याच पट्टीत ‘पोलादपूर’ लिहा. ‘पो’ची मात्रा वर जाते, ‘पू’चा दीर्घ उकार खाली उतरतो आणि अक्षराच्या अंगाला 7 इंच उरले तरी पुष्कळ. टेप मात्रेपासून उकारापर्यंत धरली तर ‘पोलादपूर’ 12 इंचांचे भरते, आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला ते ‘महाड’पेक्षा बरेच लहान दिसते. शिरोरेषेपासून धरली तर तेच ‘पोलादपूर’ खालच्या 8 इंची इंग्रजी ओळीपुढे नापास होते. एका तालुक्याचे नाव नेहमी पास आणि शेजारच्या तालुक्याचे नाव टेप धरणाऱ्याच्या मर्जीवर, ही कसली तपासणी? ज्यांनी नियम लिहिला त्यांच्यापैकी एकाने जरी एखाद्या पेंटरच्या शिडीखाली अर्धा तास उभे राहून पाहिले असते, तर ही वेळ आली नसती.

आमची मागणी एका ओळीची आहे. मराठी अक्षराची उंची शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून ‘म’, ‘प’, ‘ग’ यांच्या उभ्या दंडाच्या तळापर्यंत मोजावी, मात्रा, वेलांट्या, रफार, उकार सोडून. आणि ती रोमन मोठ्या अक्षराच्या उंचीपेक्षा कमी नसावी. इंग्रजी ओळीत लहान अक्षरे असली तरी तुलना पहिल्या मोठ्या अक्षराशीच करावी. ही मोजणी मराठीच्या बाजूची आहे हे आम्ही उघड सांगतो. तिने पाटीची उंची वाढेल, चौरस फुटामागचा हिशेब वाढेल, काही गिऱ्हाइके कुरकुर करतील. चालेल. मोजणी एकदा ठरली की कुरकुर कोणाकडे करायची हे तरी ठरेल.

तोपर्यंत सभासद काय करतात ते पाहून मात्र जीव तुटतो. शेरा आला की फाइल उघडायची, मराठी ओळ पकडून वरून ताणायची, 130 टक्के करायची आणि परत छापायची. उंची भरते. पण उभा ताण दिला की आडव्या रेषा जाड होतात आणि उभ्या होत्या तेवढ्याच राहतात. शिरोरेषा फळीएवढी होते, दंड काडीसारखे उरतात. मग ‘बारीक दिसतंय’ म्हणून आउटलाइन चढवायची. आउटलाइन बाहेर जाते तशी आतही जाते. ‘ध’, ‘ष’, ‘क्ष’, ‘श्री’ यांची पोटे बुजतात, ‘ट्रेडर्स’मधल्या ‘ट्र’च्या खालचे दोन पाय एकमेकांना चिकटतात, ‘इलेक्ट्रिकल्स’ तर वाचायचेच सोडून द्यावे लागते. गिऱ्हाईक म्हणते मराठी वाचता येत नाही, इंग्रजीच मोठी करा. आणि पाटी मराठी करायचा सगळा खटाटोप आपल्याच हाताने वाया जातो.

जाड अक्षर जाडच म्हणून काढावे लागते. बारीक अक्षराला लठ्ठ करून ते मिळत नाही. दोन रेषा जिथे जोडतात तिथे कोरून जागा काढावी लागते, पोटे मोकळी ठेवावी लागतात, जोडाक्षरांची मांडणी बदलावी लागते. हाताने पाट्या रंगवणारे आपले जुने पेंटर हे ब्रशच्या अंदाजाने करत. ‘श्री’च्या पोटात रंग भरण्याआधी त्यांना ठाऊक असे की तिथे ब्रश निम्माच दाबायचा. फ्लेक्स आला आणि तो अंदाज दुकानातून गेला. आता तो फॉन्टमध्ये शोधायचा आहे, आणि तो तिथे आहे. मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेला बालू घ्या. गिरीश दळवी, सारंग कुलकर्णी, नूपुर दाते यांच्या या गटाचे काम तुमच्यापैकी अनेकांनी नाव न वाचता वापरले आहे, मुक्ता त्यांचाच. बालू हा गोल टोकांचा, कोन नसलेला, मुळातूनच जाड काढलेला मथळ्याचा फॉन्ट. आधी तो एकाच जाड वजनात आला. बालू 2च्या परवान्यावर 2019 हे साल आहे आणि तो रेग्युलरपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत पाच वजनांत मिळतो.

आम्ही एखाद्या फॉन्टची जाहिरात सहसा करत नाही. बालूबद्दल लिहितो आहोत ते इथल्या कामाला तो बसतो म्हणून. पहिले कारण पाऊस. महाड-पोलादपूरला जूनपासून चार महिने पाटी धुतली जाते आणि वाऱ्याने झोडपली जाते. व्हिनाइल सहसा मधून सुटत नाही, ते टोकाला सुटते. टोकदार अक्षराचा कोपरा आधी वळतो, त्यात पाणी शिरते, मग धूळ, मग शेवाळ. गोल टोकाला वाऱ्याने पकडावा असा कोपरा नसतो. प्लॉटरवर वीडिंग करतानाही तीक्ष्ण कोपरे उचकटतात, गोल उचकटत नाहीत. हे काम करणाऱ्या पोराला विचारा. दुसरे कारण राउटर. ॲक्रिलिक किंवा एसीपी कापताना बिट स्वतः गोल असते, त्यामुळे आतला कोपरा ते कधीच टोकदार कापू शकत नाही. टोकदार फॉन्ट दिला की आतून गोल आणि बाहेरून टोकदार असे विजोड अक्षर हातात येते. गोलाईचा फॉन्ट बिटाशी भांडत नाही. तिसरे कारण एलईडी. अक्षराच्या पोटात मॉड्यूल बसायला रेषेला रुंदी लागते. ताणलेल्या अक्षराच्या काडीसारख्या दंडात मॉड्यूल बसत नाही, मग शिरोरेषा उजळते आणि दंड काळे राहतात. रात्री आंबेनळी घाट उतरून येणाऱ्या गाडीवाल्याला हॉटेलची नुसती शिरोरेषा दिसून उपयोग काय?

चौथे कारण आपल्या आजच्या तक्रारीशी थेट जोडलेले आहे. बालूच्या देवनागरीबरोबर त्याच हाताची रोमन अक्षरे येतात. मराठीला एक फॉन्ट आणि इंग्रजीला दुसरा, असे दोन घरचे चेहरे एका पाटीवर आणायची गरज उरत नाही. दोन्ही ओळी एकाच पॉइंटात टाका, वर सांगितल्याप्रमाणे शिरोरेषेपासून तळापर्यंत आणि रोमन मोठ्या अक्षराची उंची मोजा, मराठी कमी पडली तर रोमन ओळीचा पॉइंट खाली आणा. मराठी ताणू नका. घाटाच्या पायथ्याचा हॉटेलवाला गुजराती ओळ मागतो, एमआयडीसीतला कंत्राटदार कामगारांसाठी बंगाली किंवा ओडिया सूचना मागतो. त्यांच्यासाठी बालू भाई, बालू दा, बालू भाईना आहेत. कन्नडचा बालू तम्मा, तमिळचा बालू तंबी, गुरुमुखीचा बालू पाजी. प्रत्येक लिपीत त्या भाषेतला भाऊ.

सगळीकडे मात्र बालू टाकू नका. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर गोलमटोल अक्षर पाहिले की वाईट वाटते. दवाखान्यात डॉक्टरांची पदवी, नोंदणी क्रमांक, वेळा अशा चार-पाच बारीक ओळी असतात; तिथे नाव जाड ठेवा आणि खालच्या ओळींना मुक्ता घ्या, तो सात वजनांत आहे. मोदक हाही याच गटाचा, बालूपेक्षाही फुगीर. एका शब्दाच्या मिठाईच्या पाटीला छान. ‘हार्डवेअर अँड इलेक्ट्रिकल्स’ त्यात लिहायला घेऊ नका.

आता जे सभासद हे वाचून ‘आमच्याकडे तो फॉन्ट नाही’ म्हणतील त्यांच्यासाठी. बालू 2 गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे. त्याचा परवाना खुला आहे: पाटीसाठी, फ्लेक्ससाठी, पॅकिंगसाठी, पैसे घेऊन केलेल्या कोणत्याही कामासाठी वापरायला मोकळीक, फक्त फॉन्टची फाइल तेवढी सुटी विकायची नाही. तरीही आपल्या धंद्यातली निम्मी कामे कुठून तरी उतरवलेल्या जुन्या सीडीवरच्या फॉन्टवर चालतात. तो चोरीचा माल आहे, आणि वर गैरसोयीचा. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर नाव युनिकोडमध्ये पाठवते, आपण ते जुन्या फॉन्टच्या कळपाटावर पुन्हा टाइप करतो, त्यात ‘श्र’चा ‘श’ होतो, रफार एक अक्षर सरकतो, आणि चूक कळते ती पाटी भिंतीवर चढल्यावर. 22 जुलै 2021च्या पुरात महाडची बाजारपेठ बुडाली. जे काम डोंगल लावून चालणाऱ्या जुन्या फॉन्टवर होते, ते डोंगल गेल्यावर उघडायचे कसे? युनिकोडमध्ये ठेवलेला मजकूर आणि खुल्या परवान्याचा फॉन्ट कुठल्याही संगणकावर पाच मिनिटांत परत उभा राहतो. सावित्रीच्या काठावर धंदा करणाऱ्यांना ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते, याची खंत वाटते.

जुन्या आवृत्तीच्या कोरलमध्ये युनिकोड मराठी फुटते, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, हे खरे. तो आवृत्तीचा दोष आहे, फॉन्टचा नाही. नवी आवृत्ती परवडत नसेल तर इंकस्केप फुकट आहे. त्यात नाव टाका, कर्व्ह करा, मग आपल्या नेहमीच्या फाइलमध्ये आणा.

पोलादपूरच्या नावात आणखी एक अक्षर अडते. ‘ल’. राज्य शासनाने 6 नोव्हेंबर 2009च्या निर्णयात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही मराठीची रूपे ठरवून दिली आणि 10 नोव्हेंबर 2022 रोजी पुन्हा सांगितली. दंडाचा ‘ल’ आणि गाठीचा ‘श’ हिंदीच्या वळणाने आपल्याकडे पसरले आहेत. पाटीची सक्ती वेगळ्या कायद्यातून येते, हा निर्णय वेगळा, म्हणून तपासणीला आलेले ‘ल’कडे बघत नाहीत. आपण बघायला हवे. युनिकोडमध्ये दोन्ही रूपांना क्रमांक एकच असतो. ज्या फॉन्टमध्ये मराठी रूपाची सोय केलेली असते त्यात मजकुराची भाषा मराठी लावली की ‘ल’ आणि ‘श’ बदलतात. भाषा हिंदी ठेवली तर बदलत नाहीत. हाती असलेला फॉन्ट एकदा या कसोटीवर तपासा. जाड अक्षरात पाकळीचा ‘ल’ काढणे अवघड असते, दोन्ही पाकळ्यांची पोटे चटकन बुजतात आणि अक्षर रुंद होते. म्हणूनच तो आउटलाइन चढवून मिळणार नाही, नीट काढलेल्या फॉन्टमध्येच मिळेल. ‘पोलादपूर’, ‘कशेडी’, ‘शिवथरघळ’ ही नावे लिहून पाहा. फॉन्टची परीक्षा याच नावांत होते.

एका सभासदाने विचारले आहे, म्हणून इथेच उत्तर देतो. 2022च्या दुरुस्तीने दारू विकणाऱ्या किंवा देणाऱ्या आस्थापनांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावे वापरायला मनाई केली आहे. ‘रायगड’ हे जिल्ह्याचे नाव आहे, किल्ल्याचे नाही, असा युक्तिवाद गिऱ्हाईक करते. 1981पर्यंत जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. ते बदलले तेच गडाच्या नावाने. असे काम घेऊ नका. गिऱ्हाइकाला कायदा सांगा आणि दुसरे नाव सुचवा.

20 मार्च 2027 रोजी चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला 100 वर्षे पूर्ण होतात. त्या दिवशी महाडात राज्यभरातून माणसे येतील आणि त्याआधीचे कित्येक महिने कमानी, दिशादर्शक, स्वागतफलक, पाणपोयांचे फलक यांची कामे आपल्याच दुकानांतून होतील. ‘क्रांतिभूमी’ हा शब्द हजारो वेळा लिहिला जाईल. त्यात ‘क्र’ आहे, अनुस्वार आहे, ऱ्हस्व वेलांटी आहे, दीर्घ उकार आहे, दीर्घ वेलांटी आहे. ताणून आणि आउटलाइन चढवून तो लिहिला तर काय होईल याची कल्पना तुम्हाला आहे. ज्या गावात माणसांनी पाण्याचा हक्क बजावला त्या गावाच्या कमानीवर ‘क्रांति’चा ‘क्र’ बुजलेला दिसू नये. सत्याग्रहाच्या फलकांना बालू शोभेल की मुक्ताचे जाड वजन, यावर मते वेगळी असतील. आमचे मत मुक्ताच्या बाजूने आहे. पण अक्षर ताणलेले नसावे, यावर दुमत असू नये. दिशादर्शक फलकावर ‘चवदार तळे’ आणि ‘क्रांतिस्तंभ’ लांबून आलेल्या, वाचायला अडखळणाऱ्या म्हाताऱ्या माणसालाही चालत्या गाडीतून वाचता आले पाहिजे.

मोजणीच्या मागणीचा अर्ज आम्ही कामगार विभाग आणि मराठी भाषा विभाग या दोन्हींकडे पाठवणार आहोत. नुसत्या तक्रारीने तिथे कोणी हलत नाही, पुरावा लागतो, आणि तो तुमच्याकडे आहे. शेरा मिळालेल्या प्रत्येक पाटीचा फोटो पाठवा. फोटो सरळ समोरून काढा, खालून नको. खालून काढला की वरची मराठी ओळ आपोआप लहान दिसते. पाटीवर टेप धरून दोन फोटो घ्या, एक शिरोरेषेपासून तळापर्यंतचा, दुसरा मात्रेपासून उकारापर्यंतचा. सोबत फॉन्टचे नाव, पॉइंट, इंग्रजी अक्षराची उंची आणि शेऱ्याची तारीख लिहा. दुकानाचे आणि तपासणाऱ्याचे नाव नको, तालुका पुरे. पास झालेल्या पाट्यांचेही फोटो हवेत, विशेषतः ज्यांची मोजणी मात्रेसकट झाली त्यांचे.

आणि आजपासून प्रत्येक कोटेशनवर एक ओळ छापा: मराठी अक्षराची उंची, शिरोरेषा ते तळ, इतके इंच; रोमन मोठ्या अक्षराची उंची इतके इंच. खाली गिऱ्हाइकाची सही घ्या. पुढच्या वेळी शेरा घेऊन दुकानदार आला, तर त्याच्यापुढे ठेवायला तुमच्याकडे कागद असेल.